दहा मिनिटं गप्प

पैज लागली जिन्यात, आणि लावली तळमजल्यावरच्या शिंप्याने. "रेडिओ, उद्याच्या मीटिंगला पहिली दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही. नमस्कार चालेल. त्यापुढे एक शब्द गेला, की रविवारी सकाळी फाटकापाशी बसून अख्ख्या इमारतीच्या चपला-बुटांना पॉलिश करायचं."

"आणि गप्प राहिलो तर?"

"तर मी बसतो."

रेडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा सुतार. हे नाव का पडलं असं विचारलं, तर तो स्वतःच पाऊण तास सांगायचा. हात सोन्यासारखा, पण जीभ रंध्यापेक्षा जास्त चालायची. मागची दोन कामं जिभेनेच खाल्ली होती. कपाट कसं हवं हे पहिल्याच बैठकीत यानेच गिऱ्हाइकाला पटवून दिलं, आणि कपाट बसल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, हे आम्हाला नकोच होतं. दोन्ही वेळा सगळं उखडून परत आणावं लागलं. आता हे शाळेच्या वाचनालयाचं काम. हेही बोंबललं, तर हाताखालच्या दोन्ही कारागिरांना दुसरीकडे बघा म्हणून सांगावं लागणार होतं. बायकोला त्याने हे सांगून ठेवलं होतं. कारागिरांना सांगायचा धीर अजून झाला नव्हता.

मीटिंगसाठी त्याने बावीस मुद्दे काढले होते. त्यातले सहा नुसत्या सागवानावर. बायकोने तो कागद घेतला, एकोणीस मुद्द्यांवर काट मारली आणि उरलेले नीट लिहून काढले. शेवटचा शब्द कोणाचा? काम पुरं झालं, असं केव्हा म्हणायचं? मध्ये अडलं तर विचारायचं कोणाला? सागवानाचं काय, असं त्याने तोंड पाडून विचारलं, तर म्हणाली, ते कुठे पळून जात नाही.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन शाळेत गेला. तिथे तीन माणसं होती. संस्थेचे अध्यक्ष, मोठ्या बाई, आणि दाराजवळच्या स्टुलावर वाचनालयाच्या बाई. समोर भिंतीवर घड्याळ. नमस्कार झाले आणि अध्यक्षांनी सुरुवात केली. छतापर्यंत कपाटं, काचेची दारं, प्रत्येक दाराला कुलूप, आणि वर संस्थेचं नाव पितळी अक्षरांत. रेडिओच्या पोटात तोवर चार सुधारणा उड्या मारू लागल्या होत्या. टेबलाखाली बायकोने त्याच्या पायावर पाय ठेवला.

अध्यक्ष थांबले. सुतार काही बोलेना. मग मोठ्या बाईंनी उद्घाटनाची तारीख सांगितली. तरी सुतार गप्पच. समोरचा माणूस असा नुसता बघत राहिला की दुसऱ्याला काय होतं कोण जाणे. पण पाचव्या मिनिटाला दाराजवळून आवाज आला.

"जुन्या कपाटांनाही कुलूप होतं," वाचनालयाच्या बाई म्हणाल्या. "चावी ऑफिसात. मुलं मागायला जात नाहीत, घाबरतात. वर्षभरात अकरा पुस्तकं बाहेर गेली. त्यातली चार मीच नेली."

पुस्तकं फाटतात, हरवतात, असं अध्यक्ष म्हणाले. मोठ्या बाई म्हणाल्या, हा आपला घरचा विषय, पाहुण्यांसमोर नको, तो नंतर बघू. वाचनालयाच्या बाईंनी मान खाली घातली आणि आपल्या बोटांकडे बघत बसल्या.

घड्याळात आठ मिनिटं झाली होती. हा विषय आज नंतरवर ढकलला गेला, तर कपाटं बसल्यावर बाहेर येणार, हे रेडिओला पक्कं ठाऊक होतं. दोनदा त्याने कपाटं उखडून आणली होती. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने पाय काढून घेतला.

"बाई," तो म्हणाला, "पहिलीतल्या पोराचा हात कुठवर पोचतो?"

बाई उठल्या. त्यांनी हवेत एका उंचीवर तळवा धरला. रेडिओने खिशातून टेप काढला, गुडघ्यावर बसला आणि जमिनीपासून त्या तळव्यापर्यंत माप घेतलं. मग अध्यक्ष खुर्चीतून पुढे झुकले आणि म्हणाले, "थोडं खाली घ्या. माझा नातू पहिलीत आहे."

पुढे तासभर ते तिघेच बोलत होते, आपापसांत. बायकोने तिन्ही प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून घेतली. खालच्या तीन फळ्या उघड्या, कुलूप फक्त वरच्या कप्प्यांना. फळ्यांबाबत शेवटचा शब्द वाचनालयाच्या बाईंचा. पितळी अक्षरं मात्र अध्यक्षांनी सोडली नाहीत.

दोन मिनिटांचा तर फरक. दडपून नेता आलं असतं, बायकोही बोलली नसती. पण त्याच संध्याकाळी रेडिओने शिंप्याचं दार वाजवलं.

रविवारी फाटकापाशी एकतीस जोड आले. शिंप्याने मुद्दाम खुर्ची टाकून सगळ्यांना हाका मारल्या, रबरी स्लिपरासुद्धा आणायला लावल्या. येणारा-जाणारा चिमटा काढून जात होता. एकाने तर विचारलं, स्टेशन बंद पडलं का. रेडिओ हसत होता आणि ब्रश मारत होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आपले बूट घेऊन आल्या. रेडिओने ते उलटे करून पाहिले. उजवा ठीक होता, डाव्याची टाच एका बाजूने पार झिजली होती.

"डावाच का झिजला, काकू?"

"आडवी उतरते ना रे जिना," काकू म्हणाल्या. "कठडा हलतो आमच्या मजल्यावरचा. धरवत नाही. तीन वर्षं तुलाच तर सांगतेय."

"अरे रेडिओ, पैज फिटली," शिंपी मागून ओरडला. "आता बोल की."

रेडिओने हातानेच त्याला थांबवलं. ब्रश खाली ठेवला.

"काकू, परत सांगा," तो म्हणाला. "कितव्या पायरीपासून हलतो?"