झेंडूचा हार

दसऱ्याच्या सकाळी सुजितने मला गाडीला हार घालायला खाली पाठवलं. नवऱ्याची ही लाडकी इटालियन मोटरसायकल चार महिने खरवईच्या आमच्या बिल्डिंगखाली बंद उभी आहे. इंजिनचा बेल्ट इटलीहून यायचाय, बॅटरी काढून वर गॅलरीत ठेवलीये. तरी दर रविवारी तो तिला शाम्पूने न्हाऊ घालतो. सात महिन्यांच्या ओवीला त्याने एकदाही न्हाऊ घातलेलं नाही.

हार सायलेन्सरला टेकला आणि चर्र आवाज झाला. झेंडूच्या पाकळ्या काळ्या पडल्या.

"सुजित, गाडी तापलीये!" मी खालून ओरडले.

"बॅटरी इथे माझ्या पायाशी आहे, बाई," तो गॅलरीतून हसला. "तुझंच डोकं तापलंय."

मी धावतच वर आले. ओवी पाळण्यात शांत झोपली होती.

"मघापासून हललीसुद्धा नाही गं," सासूबाई म्हणाल्या.

मी दुपटं बाजूला केलं. तिच्या जावळाला पेट्रोलचा वास येत होता.

ओवी अजून रांगतही नाही. तिच्या उजव्या पोटरीवर, आतल्या बाजूला, ताजा लांबट फोड आला होता. गाडीवर मागे बसणाऱ्याला सायलेन्सरचा चटका बसतो, अगदी तिथेच.