धार लावायला दिलेलं पातं

ड्वेन पाठीवर दार घेऊनच शेजाऱ्याच्या गॅरेजात शिरला. दार त्याच्या मासेमारीच्या खोपटाचं होतं. तळं अजून गोठलं नव्हतं, पण नोव्हेंबर लागला की मिनेसोटातल्या माणसाला बायकोपेक्षा त्या खोपटाची काळजी जास्त. बर्फ धरला की ते तळ्यावर ओढत न्यायचं, बर्फाला भोक पाडायचं आणि आत गळ टाकून गप्प बसायचं.

"फुगलंय रे हे, नॉर्वल. लागतच नाही," ड्वेन म्हणाला. "या कडेने पाव इंच रंधून दे. तुला काय, दोन मिनिटांचं काम."

ऐंशीला टेकलेला नॉर्वल आपल्या करवतीपाशी उभा होता. लोखंडी दांड्याला टांगलेली विजेची करवत. तिच्या मोटरला पातं लावलं की ती कापायची, रंध्याचं मुंडकं लावलं की रंधायची, पॉलिशपेपरची तबकडी लावली की घासायची. अर्ध्या गावाची कपाटं तिच्याखालून गेली होती. सप्टेंबरपासून मात्र तिला फक्त तबकडी लागलेली होती.

"आणि गॅरेजच्या दाराला हे पत्र्याचं ठिगळ कसलं?" ड्वेनने विचारलं. "आर्डिसने तवा फेकून मारला वाटतं."

"नेम चुकला तिचा," नॉर्वल म्हणाला.

स्वयंपाकघराचं दार गॅरेजातच उघडायचं. त्या अर्धवट उघड्या दारापलीकडे नॉर्वलची बायको आर्डिस लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. सप्टेंबरात नॉर्वलने एक फळी उलट्या बाजूने करवतीत सारली होती. असली चूक शिकाऊ माणूससुद्धा एकदाच करतो. करवतीने फळी हिसकली आणि गॅरेजच्या बंद दारातून आरपार रस्त्यावर फेकली. आर्डिस धावत आली तेव्हा नॉर्वल आपल्या दोन्ही हातांकडे बघत उभा होता. दुसऱ्या दिवशी पातं आणि रंध्याचं मुंडकं भिंतीवरच्या खिळ्यांवरून नाहीशी झाली. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्या घरात महत्त्वाच्या गोष्टी अशाच बोलल्या जायच्या.

"अरे, मुंडकं लाव ना," ड्वेन म्हणाला. "नाहीतर सरळ पातं लाव आणि काप. कशाची वाट बघतोयस?"

आर्डिस दाराच्या फटीशी आली. आता हा खिळ्याकडे बघणार, ड्वेनसमोर आपलं नाव घेणार, आणि उद्या चर्चच्या कॉफीला अख्ख्या गावाला कळणार की नॉर्वलच्या बायकोने त्याची हत्यारं काढून घेतली.

नॉर्वलने खिळ्याकडे बघितलंच नाही.

"धार लावायला दिलंय," तो म्हणाला.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग माझं पातं आणतो की! याच मापाचं आहे. हा गेलो आणि हा आलो." ड्वेन वळलासुद्धा.

नॉर्वलचा हात दांड्यावर होता. बोटं मोटरच्या मुठीवर आली, तिच्याभोवती घट्ट झाली. इतक्या दिवसांनी पातं स्वतः चालून येत होतं आणि त्यासाठी कुणाला काही विचारायचंही नव्हतं. त्याला ते फार हवं होतं, हे पलीकडून आर्डिसलाही दिसलं.

"राहू दे," तो म्हणाला. "दुसऱ्याचं पातं मी माझ्या करवतीला लावत नाही."

"भलताच सोवळा झालास रे! मग काढणार कशाने?"

"तबकडीने."

"पॉलिशपेपरने पाव इंच? म्हणजे बर्फ वितळल्यावर मिळणार म्हण मला दार."

"घाई असेल तर दाताने कुरतड," नॉर्वल म्हणाला. "नाहीतर ते टोक धर."

ड्वेनने हसत टोक धरलं. मोटर सुरू झाली. नॉर्वल क्षणभर तबकडीकडे बघत राहिला. ओठ हलले, कुठल्या बाजूने फिरते ते त्याने स्वतःशी म्हणून घेतलं, आणि मग दाराची कड तिला टेकवली. जोर दिला तर लाकूड करपतं, म्हणून तो नुसता टेकवत होता, सरकवत होता, पुन्हा पहिल्यापासून. पिठासारखा भुसा दोघांच्या भुवयांवर बसला. कागद दोनदा बदलावा लागला. ड्वेनच्या थट्टा हळूहळू संपल्या आणि त्याचे हात भरून आले. आर्डिसचा लेफ्सा तव्यावर करपला, तो तिने फेकून दिला.

शेवटी नॉर्वलने मोटर बंद केली आणि कडेवरून अंगठा फिरवला. ड्वेननेही फिरवला.

"रंध्याने इतकी गुळगुळीत झाली नसती," ड्वेन म्हणाला. यात खुशामत नव्हती. "पहिला चांगला मासा तुझा. पातं कधी येतंय पण?"

"बघू."

ड्वेन दार पाठीवर टाकून गेला. आर्डिस पायपुसण्यावर येऊन उभी राहिली. आभार मानावेत की माफी मागावी, हे तिला ठरवता येईना. तिने ॲप्रनला हात पुसले, ते आधीच कोरडे होते.

नॉर्वल तबकडीवरची धूळ ब्रशने झाडत होता. त्याने मान वर केली नाही.

"आर्डिस, पिठाच्या डब्यातून काढून त्या दोन्हींना तेलाचा हात लाव," तो म्हणाला. "पीठ ओल धरतं. गंज चढेल."

आर्डिसने मागे वळून पिठाच्या डब्याकडे बघितलं.

"मीच लावलं असतं," तो म्हणाला. "पण एकदा हातात घेतलं, की मला ते परत ठेववणार नाही."