दारावरचं नाव

"खाऱ्या हवेने पत्रा खाल्लाय. गंजाचे डाग काढ आणि दारावरचं तुझं नाव खोडून तिथे 'एफुआ' लिही," एल्मिनाच्या किनाऱ्यालगतच्या अंगणात व्हॅन लावत एबो म्हणाला, "तुझ्यासारखा हात गावात कुणाचा नाही." "नव्या बायकोचं नाव जुनीच्या हातून? लाज कोळून प्यायलास की रे!" म्हणत अराबाने ब्रश मात्र उचलला. तो आंब्याखाली घोरू लागला. तिने डाग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासले, पुट्टी भरली. मग दारावरचं 'अराबा' पत्र्यापर्यंत खरवडलं. वाटीतल्या समुद्राच्या पाण्यात बोट बुडवून उघड्या पत्र्यावर तेच नाव पुन्हा लिहिलं. वाळल्यावर परत गिरवलं. त्यावर निळा रंग, त्यावर पांढरंशुभ्र 'एफुआ'. एबो डोळे चोळत उठला. "फक्कड! पण टिकेल ना?" "पावसाळा लागू दे," वाटी पालथी घालत अराबा म्हणाली, "नाव बघ कसं उठून दिसतं!"