दहाच्या नावेत सतरा जण

सतरावा माणूस नावेत चढला तेव्हा नावेचा काठ आणि पाणी यांच्यात चार बोटं उरली होती. तरुणने आपली बोटं लावून बघितली. बाजूला पिवळ्या रंगात लिहिलं होतं, सवारी १०.

मांडीवर त्याची लेक ईशानी. अकरा महिन्यांची. धरमपुरीचा घाट, समोर नर्मदा, मधे बेट, बेटावर महादेवाचं देऊळ. तिथे तिचं जावळ काढायचं होतं. सासरचे सगळे धारहून आले होते, तो आणि बायको अल्पना देवासहून. पाऊस थांबून आठ दिवस झाले होते, पण पाणी अजून मातकट होतं. आणि जोरात होतं.

खरं सांगायचं तर त्याला पोहता येत नव्हतं. लाइफ जॅकेट सहा होती. फळी टोचते म्हणून मामेसासऱ्यांनी दोन बुडाखाली घेतली होती, बाकीची कुठेतरी पायात.

“भिया, ज्यादा नहीं हो गए?” त्याने नाववाल्याला हळूच विचारलं.

“अरे साब, कल तो पच्चीस ले गया था.”

पच्चीस ऐकल्यावर सतरा कमी वाटायला लागले.

“जिजाजी!” मागून साला धीरज ओरडला. “देवासला पाणी टँकरमधेच बघितलंय ना तुम्ही? म्हणून घाबरून राहिले!”

सगळे हसले. तरुणपण हसला. हसल्यावर उतरणं अजून कठीण झालं.

त्याने एकेकाचा चेहरा बघितला. सासरे रघुजी समोर, हात गुडघ्यांवर, फोटोला बसल्यासारखे. सासूबाई जमुनाबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. मामी पिशवीतले नारळ काढून परत भरत होती. धीरज टँकरचा तोच जोक आता दुसऱ्या बाजूच्यांना सांगत होता. कोणी उतरू म्हणत नव्हतं.

उतरायचं म्हणून तो ईशानीला उचलून धरायचा. मग तो या चेहऱ्यांकडे बघायचा आणि तिला परत मांडीवर घ्यायचा. एक माणूस चुकतो. सोळा माणसं कशी चुकतील? धीरज तर लहानपणापासून धारच्या तलावात उड्या मारणारा. त्याला कळत नसेल का?

तेवढ्यात नजर परत काठाकडे जायची आणि मन म्हणायचं, उतर.

नाव घाटाला आडवी लागली होती. पायरी एका पावलावर. दोर नाही, दार नाही, कोणी धरलेलं नाही. आणि तेवढं एक पाऊल उचलत नव्हतं. जावई नावेतून पळाले, ही गोष्ट धारमधे प्रत्येक लग्नात सांगितली जाणार. पोरगी मोठी झाली की तिलासुद्धा.

नाववाल्याने नाव सोडली. इंजिन खोकललं, धूर आला. नाव एका बाजूला डुलली आणि थोडं पाणी काठावरून आत आलं. ईशानीचे पाय भिजले. ती खुदकन हसली. ती हसली म्हणून सगळे हसले.

अल्पनाने त्याचं मनगट पकडलं. नखं रुतली. गप बसा, असंच म्हणत असणार.

मग त्याने परत काठाला बोटं लावली. दोनच मावली.

“थांबा,” तो म्हणाला. इंजिनच्या आवाजात कोणाला ऐकूच गेलं नाही. मग तो ओरडला, “भिया, रोक! मी उतरतोय. पोरीला घेऊन उतरतोय. बाकी सगळे या जाऊन.”

इंजिन बंद झालं. या वेळी कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. नाववाल्याने वैतागून बांबू टेकवला आणि नाव परत पायरीला लावली. तरुणने ईशानीला छातीशी धरलं, मान खाली घातली आणि पाऊल टाकलं.

पायरी घट्ट होती. मागे वळायची हिंमत नव्हती. आता धीरज काय बोलणार, त्याची वाट बघत तो तसाच पाठ करून उभा राहिला.

मागे धप्प असा आवाज झाला. धीरजने उडी मारली होती. त्याच्यामागे अल्पना. मग मामी, नारळांची पिशवी नावेतच टाकून. मग जमुनाबाई. एरवी त्यांना पायरी चढायला दोन माणसं लागायची, आज त्या एकट्या आल्या आणि घाटावर बसून पदराने तोंड पुसत राहिल्या. एकेक करून सगळी नाव रिकामी झाली. नाववाला हिंदीत काय काय बोलत होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

तरुण वळला.

“तुम्हाला... सगळ्यांना भीती वाटत होती?”

“मला तर चढल्यापासून,” धीरज म्हणाला. “जोक मारून मारून घसा सुकला जिजाजी.”

“मग बोलायचं ना यार! इतके जण होते. कोणी एकाने तरी उठायचं!”

रघुजी सगळ्यात शेवटी उतरले होते. जुन्या वळणाचा माणूस. ओल्या धोतराचा सोगा पिळता पिळता ते थांबले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

“असं कसं जावईबापू?” ते म्हणाले. “तुम्ही बसलेले असताना आमच्यातलं आधी कोण उठणार?”