शिंपल्यांच्या जर्नलचा आकडा

"तुझ्या जर्नलच्या आकड्यात चूक सापडली आहे, मार्लिस," डीन गॉर्डन प्रोहास्का म्हणाला. "मोजणी करणाऱ्या कंपनीचं पत्र आलंय. बस आधी. क्रिंगल खातेस?"

टेबलावर बेकरीचा, त्या गोड क्रिंगल-पेस्ट्रीचा खोका होता आणि त्याला टेकून ते पत्र. मार्लिस टॉलेफ्सन बसली. खोक्याकडे तिनं पाहिलंही नाही.

गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांवरचं हे जर्नल ती सोळा वर्षं चालवत होती. मिसिसिपीकाठच्या त्या लहानशा कॉलेजला त्याचं कौतुक होतं, पण कौतुकानं छपाई होत नाही. चार वर्षांपूर्वी कॉलेजनं बजावलं होतं, आकडा एकच्या वर गेला नाही तर जर्नल बंद. जर्नलनं मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा उल्लेख संशोधकांनी आपल्या लेखांत सरासरी किती वेळा केला, तो हा आकडा. तेव्हा तो ०.७ होता. आज २.४ होता. गावच्या पेपरात मार्लिसचा फोटोही आला होता, हातात शिंपला धरून.

आकडा कसा चढला, ते तिला ठाऊक होतं. आजवर झाकली मूठ होती.

"किती मोठी चूक?" तिनं विचारलं.

"चांगलीच मोठी. मी दोनदा वाचलं. अगं, तुझा चेहरा का असा—"

"गॉर्डन, मला बोलू दे. पत्रात जे असेल ते असेल. माझ्या तोंडून ऐक."

"बाई गं, आधी वाच तरी!"

"वाचलं तर धीर राहणार नाही."

आणि ती बोलत सुटली. जो कुणी जर्नलकडे छापायला लेख पाठवी, त्याला ती जिभेवर साखर ठेवून लिहायची. लेख उत्तम आहे, फक्त आपल्या जर्नलच्या ताज्या चार-पाच लेखांचा उल्लेख कराल तर बरं होईल. माणसं अडलेली. मुकाट्यानं करायची. असं तिनं त्रेसष्ट जणांना लिहिलं होतं. आकडा तिला पाठ होता.

"बासष्ट जणांनी ऐकलं," ती म्हणाली. "पाओ व्हँगनं नाही ऐकलं."

"आपला पाओ? इथं शिकवायचा तो?"

"तोच. त्यानं उत्तर लिहिलं, बाई, ते लेख मी वाचलेत, माझ्या कामाशी त्यांचा संबंध नाही. मी त्याचा लेख परत पाठवला. दर्जा कमी, म्हणून. गॉर्डन, त्या वर्षी आलेला सगळ्यात चांगला लेख होता तो."

गॉर्डननं चष्मा काढून ठेवला. तो एक लेख कमी पडला म्हणून कॉलेजनं पाओला कायम केलं नव्हतं. त्या कागदावर सही गॉर्डनची होती.

"आता शनिवारच्या बाजारात असतो, आईच्या भाजीच्या स्टॉलवर," मार्लिस म्हणाली. "गेल्या आठवड्यात मी तोंड चुकवून निघाले होते, तर त्यानंच हाक मारली. कोथिंबिरीची जुडी हातात कोंबली. पैसे घेईना. म्हणाला, जर्नल छान वर आणलंत बाई, पेपरात वाचलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ती जुडी घरी न्यायचीसुद्धा लाज वाटली. पुलावरून नदीत टाकली."

"पण का केलंस हे?" गॉर्डननं विचारलं.

"जर्नल जगावं म्हणून. आपल्या बळावर ते जगेल असं मला वाटलंच नाही रे. शिंपल्यांचं कोण वाचतंय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं धरून चालले." तिनं डोळे पुसले. "मी आज संपादकपद सोडते. पाओच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर माफी मागते, आणि छापूनही मागते. जर्नल बंद करायचं तर करा. खोट्या आकड्यावर नको जगायला."

गॉर्डननं खोका बाजूला सारला आणि तिच्याकडे न बघता पत्र तिच्यापुढे ठेवलं.

"तुझं अभिनंदन करायला बोलावलं होतं मी," तो म्हणाला.

मार्लिसनं पत्र उचललं.

'आपली मनःपूर्वक क्षमा मागतो. आमच्या यंत्रणेतल्या दोषामुळे, आपल्या जर्नलमध्ये आपल्याच जर्नलच्या लेखांचे झालेले उल्लेख गेल्या चार वर्षांत एकदाही मोजले गेलेले नाहीत. आजवर जाहीर झालेला आपला २.४ हा आकडा पूर्णपणे इतर जर्नलांनी आपण होऊन केलेल्या उल्लेखांचा आहे.'