आप्पांच्या आवाजातला धडा

"सुगे, सावकाश बोल, शब्दाला ठेच लागंल."

लहानपणी ऐकलेला वडिलांचा, आप्पांचा, तोच मायेचा आवाज, आप्पा वारल्यावर, मिरजेच्या क्लासात सुगंधाला जर्मन शिकवत होता. परदेशात नर्स होणाऱ्या मुलींशी सरावाचं यंत्र त्यांच्या जवळच्या माणसाच्या आवाजात बोले. परीक्षा पास झाली, की तो आवाज पुसला जाई.

मुलाखत, रजा मागणं, सगळं तिला पाठ होतं. एकाच धड्यात ती मुद्दाम अडखळे: नातेवाइकाला मृत्यूची बातमी देणे.

"जर्मनबाई, आजबी अडलीस तर नोकरी दुसरीच कुणी नेईल," निघताना आई म्हणाली होती.

परीक्षेत यंत्रातल्या आप्पांनी जर्मनमध्ये विचारलं, "सिस्टर, माझा माणूस बरा आहे ना?"

सुगंधा जर्मनमध्येच म्हणाली, "तुमचा माणूस गेला." मग हळूच मराठीत, "आप्पा, तुम्ही गेलात हो."