खिशातली बाटली

एक थेंब म्हणजे एकच थेंब. लेथवर आयुष्य गेलेल्या त्या टर्नरनं बाटली दाबली, तेलाचा टपोरा थेंब फिरत्या ड्रिलच्या टोकाशी पडला आणि स्टीलच्या पट्टीतून कीस कसा गुपचूप वर आला. ना आवाज, ना धूर.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "अशी वस्तू शोधून सापडायची नाही."

घरामागच्या त्याच्या कामाच्या खोलीत आजवर ब्रशनं तेल लावायची रीत होती. म्हणजे निम्मं कामाला आणि निम्मं फरशीला. मग आईच्या डोळ्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या त्याच्या नजरेत भरल्या. पांढऱ्या, करंगळीएवढ्या. पकडीनं चोच उपटायची, सिरिंजनं तेल भरायचं, चोच परत दाबून बसवायची, लेबल गरम पाण्यात सोलून टाकायचं. अशा चार झाल्या होत्या. तीन फळीवर, आणि एक कायम शर्टाच्या खिशात, हाताशी असावी म्हणून.

"त्यांना लाल दोरा तरी बांधा," बायको म्हणाली. दोरा तिनं आणलाही होता. "तुमच्या तेलकट बोटांनी आईंच्या बाटलीचंही लेबल गेलंय. सगळ्या सारख्याच दिसतात."

"तीस वर्षं तेलात काढलीत मी. नुसत्या वासावर सांगेन."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," असं पुटपुटत तिनं रीळ ड्रिलशेजारी ठेवलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली. वासाचं म्हणाल तर त्याच्या हातांना, शर्टाला, अगदी चहाच्या कपालाही तोच एक वास होता. पण हे त्याला कोण सांगणार?

तीन वाजले. आतून आईनं हाक मारली, "औषधाची वेळ झाली रे."

तिचा डावा डोळा मागेच गेला होता. उजव्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, आता हा एकच आहे, जपा. तो जपत होताच की. दिवसातून चार वेळा काम टाकून उठायचा, साबणानं हात धुवायचा. तिच्या हातून पडायला नको म्हणून तिची बाटलीही आपल्याच खिशात ठेवायचा.

आई खुर्चीत मान मागे टाकून बसली होती. "हा पडदा निळा आहे होय? मला आपला इतके दिवस मळकट वाटत होता," ती म्हणाली. "आणि तुझं तोंडही दिसतंय आज. म्हातारा झालास की रे."

"बोलू नकोस. वर बघ." त्यानं खिशात हात घातला, बाटली काढली, पापणी अलगद ओढली. एक थेंब म्हणजे एकच थेंब.

ती दचकली. "झोंबतंय रे. रोज नाही झोंबत असं."

"औषध आहे ते, गुलाबपाणी नव्हे. डोळा मिट. पाच मिनिटं उघडायचा नाही, चोळायचा नाही. ऐकतेस ना?"

"ऐकते बाबा. तू नाही कधी ऐकलंस माझं, पण मी ऐकते." दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती बसून राहिली.

बाटली खिशात टाकून तो परत गेला. ड्रिल चालू केलं, खिशातून बाटली काढली, दाबली. थेंब पडला आणि चर्रकन उडून गेला. ड्रिल किंचाळायला लागलं. त्यानं आणखी एक टाकला. त्याचीही वाफ झाली, आणि भोकाची कड निळी पडली. तेल असं कधी करत नाही.

त्यानं खिशातली दुसरी बाटली काढली. दोन्ही तळहातावर धरल्या. पहिलीतला थेंब बोटांत चोळून पाहिला. नुसतं पाणी. दुसरीतला चोळायची गरज नव्हती, तरी चोळला. बोटं घसरली.

मशीन बंद करायचं भान राहिलं नाही. स्वयंपाकघरातून पाण्याचं भांडं उचलून तो आईकडे धावला, निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

आई तशीच होती. मान मागे, डोळा घट्ट मिटलेला, गालावर ओघळ, हात मांडीवर. त्याची पावलं ऐकून ती हसली.

"नाही हं चोळला," ती म्हणाली. "झाली का रे पाच मिनिटं? उघडू?"